मे महिन्यात पोरांना घेऊन अंदमानला जायचंय? शाळेच्या कॅलेंडरआधी समुद्राचं कॅलेंडर बघा

नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन झालं, गर्दीतून पोरांना सांभाळत घरी आलो, की ठाण्यातल्या बऱ्याच घरांत पुढचा विषय निघतो. "यंदा सुट्टीत कुठे?" कोकण झालं, गोवा झाला, महाबळेश्वर तर दोनदा झालं. मग कुणीतरी फॅमिली ग्रुपवर निळ्याशार पाण्याचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, "अंदमान?"

आजीला सेल्युलर जेल बघायचंय, पोरांना समुद्र, आईबाबांना चार दिवस शांतता. सगळ्यांचं जमतं. फक्त एक गोष्ट जमत नाही. आपली शाळेची सुट्टी आणि तिकडचा समुद्र यांचं वेळापत्रक जुळत नाही. आणि पॅकेजच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

म्हणून तिकीट काढण्याआधी हे एकदा नीट समजून घ्या.

अंदमानच का? लक्षद्वीप का नको?

लक्षद्वीप नकाशावर आपल्याला जवळ आहे, पण तिथे जायला भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. विमान अगत्ती बेटावर उतरतं आणि पर्यटकांसाठी मोजकीच बेटं खुली आहेत. अंदमानच्या नेहमीच्या पर्यटनस्थळांना आपल्याला वेगळा परवाना लागत नाही. निकोबार मात्र पर्यटकांसाठी बंद आहे. शिवाय अंदमानमध्ये हॉटेल, बोटी, टॅक्सी यांची सोय जास्त आहे. लहान मुलं बरोबर असली की हा फरक मोठा ठरतो.

बुकिंग करताना नावांमध्ये गोंधळू नका. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम् झालं. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. वेबसाइटवर आणि तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही नावं दिसतात. जागा त्याच.

मग सुट्टीचा घोळ काय आहे?

आपल्याकडे मोठी सुट्टी दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात. अंदमानला पाऊसही दोनदा. नैर्ऋत्य मोसमी वारे भारतात सगळ्यात आधी तिथेच पोचतात, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे. म्हणजे आपण इथे घामाने भिजून आंब्याच्या पेट्या उघडत असतो, तेव्हा तिकडे पावसाळा सुरू झालेला असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा ईशान्य मोसमी पाऊस. त्यात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे हंगामही दोन आहेत, एक मान्सूनच्या आधी आणि एक नंतर. दोन्ही आपल्या सुट्ट्यांवरच येतात.

याचा अर्थ मेमध्ये जाऊच नये असं नाही. पण तारीख निवडताना हा क्रम ठेवा:

– सगळ्यात चांगला काळ जानेवारी ते एप्रिल. मार्चमध्येच परीक्षा संपणाऱ्या शाळा असतील तर मार्चअखेर उत्तम.
– ख्रिसमसच्या सुट्टीत हवा छान असते, पण गर्दी आणि विमानाचे दर दोन्ही वर जातात.
– राज्य मंडळाची शाळा असेल तर परीक्षा संपताच निघा. एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा. "निकाल लागला की जाऊ" असं म्हणत १५ मेनंतरची तारीख धरू नका.
– दिवाळीत जाणार असाल तर पावसाची तयारी ठेवूनच जा.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला

डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलच्या बोटी बंद झाल्या आणि हजाराहून जास्त पर्यटक तिथे अडकले. नौदलाची जहाजं पाठवून त्यांना बाहेर काढावं लागलं. डिसेंबर हा तर पर्यटनाचा हंगाम!

इथे गणित समजून घ्या. विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं. प्रसिद्ध किनारे मात्र हॅवलॉक आणि नीलला आहेत. मध्ये खुला समुद्र आहे आणि त्यावर पूल नाही. हॅवलॉकला खासगी वेगवान बोटीने साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला त्याहून जास्त. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि मग पैसे देऊनही दुसरा रस्ता मिळेलच असं नाही.

त्यामुळे सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान असा प्लॅन कुणी दिला तर बदलून मागा. एका हॉटेलच्या रात्रीचे पैसे वाचतात खरे, पण बोट चुकली तर अख्ख्या कुटुंबाची विमानाची तिकिटं नव्याने काढावी लागतात. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमानात स्वतंत्र सीट घ्यावी लागते, हेही या हिशेबात धरा.

मुलांसोबत साधारण असा बेत झेपतो: पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर, मग दोन हॅवलॉक, एक नील आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. सहा रात्री. दिवस कमी असतील तर नील गाळा, पण शेवटची रात्र गाळू नका.

अंधार लवकर पडतो, हे लक्षात ठेवा

पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटं घेते. ठाणे ७३ रेखांशाच्या जवळ, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. म्हणजे वीस रेखांश, साधारण ऐंशी मिनिटं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच.

म्हणून तिकडे मेमध्ये पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. डिसेंबरात तर पाच-सव्वापाचलाच. "दुपारी जेवून, झोप काढून, चार-पाचला बीचवर जाऊ" हा गोव्याचा हिशेब इथे चालत नाही. पोरं चपला काढेपर्यंत अंधार. त्यापेक्षा पहाटे लवकर उठा, सकाळी पाण्यात जा, उन्हाच्या वेळी खोलीत आराम करा आणि रात्रीचं जेवण लवकर उरका.

पाण्यात कुठे उतरायचं?

अंदमानमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरवायला सांगत नाही. पण किनाऱ्यावरची पाटी आणि जीवरक्षकाची शिट्टी ही तिथे शोभेची गोष्ट नाही. खाडीचं तोंड, खारफुटीची झाडं आणि निर्मनुष्य किनारा इथे पोरांना पाण्यात सोडायचं नाही. पोहायची परवानगी असलेली जागा आणि वेळ पाळायची.

लहानांसाठी नीलचा भरतपूर किनारा सोयीचा आहे, पाणी उथळ आहे आणि काचेच्या तळाच्या बोटीतून कपडे ओले न करता प्रवाळ दिसतात. हॅवलॉकचा राधानगर किनारा लांबरुंद आणि वाळूचा आहे, पण लाटा असतील तर मुलांचा हात सोडू नका. नीलचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर ओहोटीची वेळ विचारून जा. भरतीत तिथवर पोचता येत नाही.

स्कुबा डायव्हिंगसाठी साधारण १० वर्षं पूर्ण असण्याची अट असते. "थोडं अॅडजस्ट करू" म्हणणारा भेटला तर तिथून निघा. मोठ्यांनीही विमानाच्या आदल्या दिवशी डायव्हिंग टाळावं. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून डायव्हिंग आणि विमान यात किमान १२ ते १८ तासांचं अंतर ठेवायला सांगतात.

आणि शिंपले? पोरं खिशात भरणारच. पण किनाऱ्यावरून शिंपले-प्रवाळ उचलून आणायला बंदी आहे. प्रवाळांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. सामानाच्या तपासणीत सापडले तर सुट्टीचा शेवट वाईट होतो. हे मुलांना घरूनच सांगून ठेवा.

बारातांगची सहल घ्यावी का?

पॅकेजमध्ये बारातांगच्या चुनखडीच्या गुहा हमखास असतात. तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात, त्यामुळे अगदी पहाटे, अंधारात निघावं लागतं. लहान मुलांसाठी हा दिवस फार थकवणारा आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. या रस्त्याचा राखीव भागातून जाणारा पट्टा बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. तरीही पर्यटकांच्या गाड्या जात राहिल्या आणि बरेच जण गुहांपेक्षा "जारवा दिसतील का?" याच आशेने बसलेले असतात. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. माणसं ही बघायची वस्तू नाहीत, हे पोरांना शिकवायचं असेल तर ही सहल गाळणं हाच सोपा धडा.

सेल्युलर जेल मुलांना कसं सांगायचं?

सुरुवात अंदमानला नको, ठाण्यातच करा. टेंभी नाक्यावरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. ते मुळात किल्ला होतं. नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिली गेली. विनायक दामोदर सावरकरांनाही अंदमानला नेण्याआधी याच तुरुंगात ठेवलं होतं. इथून मद्रास, तिथून आगबोट, आणि ४ जुलै १९११ ला पोर्ट ब्लेअर.

आपणही बरेचदा चेन्नईमार्गेच जातो, विमानाने. पोरांना नकाशावर ही वाट दाखवा. मग जेलची जवळपास ७०० कोठड्यांची गोष्ट, सात इमारतींपैकी आज उभ्या असलेल्या तीन, आणि बैलासारखं जुंपून तेल काढायला लावणारा कोलू, हे सगळं ऐकीव राहत नाही. फार लहान मुलांना फाशीघर दाखवायलाच हवं असं नाही. ध्वनिप्रकाश कार्यक्रम अंधारात होतो. झोपेला आलेलं पोर घेऊन बसण्यापेक्षा घरातल्या एकाने बाहेर थांबलेलं बरं.

बॅगेत काय हवं?

– मुलांसह सगळ्यांची ओळखपत्रं, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही.
– बोट लागण्याचं औषध. वयानुसार कोणतं आणि किती, हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. बोटीआधी पोट तुडुंब नको, पण रिकामंही नको.
– ताप, जुलाब, उलटीची नेहमीची औषधं आणि ओआरएस. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, बेटांवर सोयी मर्यादित आहेत.
– रोख पैसे. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची इंटरनेट केबल पोचली, तरी लहान बेटांवर नेटवर्क जातं आणि क्यूआर कोड नुसता बघत बसावं लागतं.
– डासांचं आणि वाळूतल्या माश्यांचं मलम, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे.
– खाकरा, भडंग, मेतकूट. बऱ्याच वस्तू तिकडे जहाजाने येतात, त्यामुळे महाग असतात आणि बोट रखडली तर भूक आधी पोरांना लागते.

एजंटला विचारायचे प्रश्न तीनच: बोट रद्द झाली तर पैसे किती परत मिळतील? बेटावर एक रात्र जास्त राहावं लागलं तर खर्च कुणाचा? शेवटची रात्र कुठे आहे? उत्तरं लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर चालतील. तिन्ही उत्तरं पटली, तरच अॅडव्हान्स द्या.