घाट उतरताना गिअर हाच मित्र

दिवाळी सरली, की पुणे-साताऱ्याकडील तरुणांच्या दुचाकी सुरूर फाट्यावरून वाईकडे वळू लागतात. वाईच्या परिसरातील ऊस आणि हळदीची शेते, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी घाटातून थेट पोलादपूर! एका दिवसात देश आणि कोकण दोन्ही दाखवणारा हा मार्ग मोहक खरा. मात्र तो दोन वेगळ्या परीक्षा घेतो. एक सपाटीवर, दुसरी उतारावर.

शिवारातील धोका

याच काळात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्ट्या उसाच्या मोळ्यांखाली झाकल्या जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंतच एवढे अंतर संपते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबण्यास आणखी २० मीटर लागतात. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशझोतात डोळे दिपले, तर संथ चालणारी ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणूनच हा टप्पा सूर्यास्तापूर्वी पार करणे श्रेयस्कर. रस्त्यावर सांडलेला ऊस आणि शेतातून चाकांबरोबर आलेली ओली माती यांवरूनही चाक सहज घसरते.

न्यूट्रलची घातक सवय

महाबळेश्वर ते पोलादपूर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. या मार्गावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे कमी नाहीत. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला, की मागच्या चाकाला इंजिनही फिरवावे लागते आणि त्या विरोधाने वेग आटोक्यात राहतो. न्यूट्रलमध्ये हा सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात आणि त्यांची पकड मंदावते. डिस्क ब्रेकमधील जुन्या तेलाने ओलावा शोषलेला असेल, तर ते लवकर उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही.

शिवाय पेट्रोलची बचतही फसवीच. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. अशी गाडी गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरत असताना इंजिनचा इंधनपुरवठा बहुतांशी आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम आजही खरा आहे. वळणाआधीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक एकत्र पण थोडा थोडा वेळ दाबावेत. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देणे हा तर वाहतुकीचा नियमच आहे. १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. परंतु ही यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही एवढेच. खडीवर थांबण्याचे अंतर ती कमी करीलच असे नाही.

निघण्यापूर्वी

पावसाळ्यात या मार्गाची माहिती घेतल्याशिवाय निघू नये. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता खचला होता. ब्रेक, टायर आणि दिवे तपासून घ्यावेत. हेल्मेट चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही कायद्याने सक्तीचे आहे. अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य मदतीसाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. घाटात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही; त्यामुळे कोणत्या मार्गाने जाणार आणि किती वाजता पोहोचणार, हे घरी सांगूनच निघावे.