पाण्यातला व्यायाम

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. येथून उत्तरेकडे गेले, की संगमेश्वर तालुक्यात आरवली आणि तुरळ येथे गरम पाण्याचे झरे लागतात. दक्षिणेकडे राजापूरजवळ उन्हाळे येथेही असा झरा आहे. सांधे दुखणारी वयस्क माणसे अशा पाण्यात स्नान करतात. गरम पाण्याने आखडलेले अंग मोकळे होते. पण नुसते पाण्यात बसून स्नायूंची शक्ती वाढत नाही. त्यासाठी हालचाल करावी लागते.

वय वाढते तसे आपले स्नायू कमी होत जातात. साठीनंतर हा वेग वाढतो. मग खुर्चीतून उठणे, जिना चढणे जड जाते. तोल जाऊन पडले, तर हाड मोडते आणि कधीकधी माणूस अंथरुणाला खिळतो. १९८९ साली अमेरिकेतील डॉ. अर्विन रोझेनबर्ग यांनी स्नायूंच्या या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले.

व्यायामाने ही झीज कमी करता येते. पण गुडघे दुखत असतील, तर व्यायाम कसा करायचा? येथे पाणी मदतीला येते. पाणी आपल्याला वर उचलून धरते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचे सुमारे निम्मेच वजन येते. छातीइतक्या पाण्यात त्याहूनही कमी. त्यामुळे सांध्यांना त्रास होत नाही. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते. पाऊल टाकताना ते आपल्याला अडवते. वेग दुप्पट केला, तर हा अडथळा सुमारे चौपट होतो. त्याच्याशी झुंजताना स्नायूंना काम मिळते, म्हणून ते टिकतात.

या व्यायामाला पोहता येण्याची गरज नाही. उथळ तलावात कठडा धरून चालावे, गुडघे वर उचलावे, हातांनी पाणी ढकलावे. मात्र आधी डॉक्टरांना विचारावे आणि सोबतीला कोणीतरी असावे. नदीत किंवा विहिरीत असा प्रयोग करू नये. फार गरम पाण्यातही व्यायाम करू नये. चक्कर येण्याची भीती असते.

जवळ तलाव नसेल, तर घरी खुर्चीतून दहा वेळा उठावे व बसावे. हाडांसाठी रोज थोडे चालावे. जेवणात डाळ, अंडी, मासे असावेत.

"दादीजान, तुम्ही बसा, मी करतो," असे आपण प्रेमाने म्हणतो. पण दादीजानला बसवून ठेवण्यापेक्षा तिच्यासोबत चार पावले चालणे, ही अधिक मोठी सेवा आहे.