शिक्षकांची कार्यशाळा: एका दिवसाची सुट्टी की वर्षभराची शिदोरी?

'शिक्षकांच्या कार्यशाळेमुळे उद्या शाळेस सुट्टी राहील,' अशी सूचना घरी आली की अनेक पालकांच्या कपाळावर आठ्या उमटतात. आईवडील दोघेही नोकरीला जाणारे असतील तर मुलांना कोणाकडे ठेवायचे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून मूलभूत असतो: 'शिक्षक डी.एड., बी.एड. होऊनच आले आहेत ना? मग त्यांना पुन्हा काय शिकवायचे?' धर्मग्रामांतून हा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. तो रास्त आहे. म्हणूनच अशी कार्यशाळा कशासाठी असते आणि ती फलद्रूप केव्हा होते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ख्रिस्तसभेची जुनी परंपरा

शिक्षकाला घडवावे लागते, हा विचार ख्रिस्तसभेला नवीन नाही. सतराव्या शतकात फ्रान्समधील रेम्स या शहरी संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालविण्याचे कार्य हाती घेतले. शिकविणारे तरुण अल्पशिक्षित होते, त्यांना वळण नव्हते. संतांनी १६८१ साली त्यांना स्वतःच्या घरी राहावयास आणले. १६८३ मध्ये त्यांनी कॅनन हे मानाचे पद सोडले आणि पुढे दुष्काळात आपली संपत्ती गोरगरिबांत वाटून टाकली. शिक्षक-बंधूंनी आपले वर्गातील अनुभव एकमेकांपुढे मांडावेत, काय साधले व काय फसले याची चर्चा करावी, अशी पद्धत त्यांनी घातली. याच अनुभवांतून शाळा कशी चालवावी याचा ग्रंथ तयार झाला. तो १७२० साली, संतांच्या निधनानंतर, छापला गेला. मुलांना वाचन प्रथम लॅटिनमधून नव्हे तर मातृभाषेतून शिकवावे, हा त्यांचा आग्रहही अशा प्रत्यक्ष अनुभवावर उभा होता. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आपल्या महाराष्ट्रातही याचे बोलके उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे मिशनरी फरारबाई आणि पुणे येथे मिचेलबाई यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. स्त्रीशिक्षणाचा पाया घालणाऱ्या त्या थोर शिक्षिकेलाही प्रशिक्षणाची आवश्यकता वाटली, यातच बरेच काही आले.

धोरण काय सांगते

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाच्या उपक्रमांत भाग घ्यावा, अशी अपेक्षा आहे. दिवसाला सहा तास धरले तर हे साधारण आठ दिवस होतात. मुख्याध्यापकांसाठीही नेतृत्व व व्यवस्थापन या विषयांसह तितक्याच तासांची अपेक्षा धोरणाने व्यक्त केली आहे. वर्गात शिकविणे आणि शाळेचे नेतृत्व करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे त्यामागील तत्त्व आहे. उत्तम शिक्षक सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक होतो, पण नेतृत्व त्याला कोणी शिकविलेले नसते, हा अनुभव सर्वत्र येतो.

महाराष्ट्रात १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड श्रेणी मिळविण्यासाठीही प्रशिक्षण आवश्यक असते. हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे प्रशिक्षण म्हणजे वेतनवाढीचा दाखला, अशी समजूत काही ठिकाणी रुजली, हेही नमूद केले पाहिजे.

चांगल्या कार्यशाळेत काय घडते

एक साधे उदाहरण घेऊ. बावन्नमधून सत्तावीस वजा करावयाचे आहेत. उत्तर पंचवीस, पण अनेक मुले पस्तीस लिहितात. एककस्थानी दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सरळ सातातून दोन वजा करते आणि पाच लिहिते. फुली मारणाऱ्या शिक्षकाला मूल 'कच्चे' दिसते. चांगल्या कार्यशाळेत मात्र अशाच वह्या समोर ठेवून शिक्षक एकत्र विचार करतात: हे मूल कोणता नियम मनाशी धरून चालले आहे? मग काड्यांचा एक गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या कशा करून दाखवाव्यात, याचा सराव होतो. मूल कच्चे नसते. त्याचा नियम चुकलेला असतो, आणि तो शोधणे हे शिक्षकाचे काम असते.

दुसरे उदाहरण प्रश्न विचारण्याचे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि पुढे सरकतात. तेच तीन सेकंद थांबले तर अधिक मुले उत्तर देतात आणि उत्तरेही अधिक विचारपूर्वक येतात. दोन सेकंदांचा हा संयम मागच्या बाकावरील अबोल मुलाला वाचा देऊ शकतो. त्यासाठी पैसा लागत नाही. सवय मात्र लागते, आणि सवय एका दिवसाच्या भाषणाने जडत नाही.

पाठपुराव्याविना प्रशिक्षण व्यर्थ

खरी मेख येथेच आहे. ब्रूस जॉयस व बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० पासून हाच मुद्दा मांडला: केवळ व्याख्यान ऐकून वर्गातील अध्यापन फारसे बदलत नाही. प्रात्यक्षिक, सराव, आणि नंतर स्वतःच्या वर्गात सहकाऱ्याचे मार्गदर्शन मिळाले तरच नवी पद्धत रुजते. जपानमध्ये शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात, एकजण तो शिकवितो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि मग एकत्र बसून चर्चा करतात. ही प्रथा तेथे शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. तिच्यासाठी मोठा सभागृहही लागत नाही की बाहेरचा वक्ताही.

म्हणून मुख्याध्यापकांची भूमिका निर्णायक ठरते. ऑनलाइन माहिती भरणे, अनुदानाची कागदपत्रे, बैठका यांत त्यांचा दिवस सरतो, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही आठवड्यातून दोन-तीन तासिका वर्गात बसणे, दोष काढण्यासाठी नव्हे तर सोबत करण्यासाठी बसणे, हे ज्या शाळेत घडते तेथे कार्यशाळेचे बीज सुपीक भूमीत पडते. अन्यथा ते वाटेवर पडते आणि पाखरे ते खाऊन टाकतात.

आपल्या शाळांपुढील प्रश्न

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्र प्रसृत केले. कॅथलिक शाळेचे ध्येय साध्य होणे जवळजवळ सर्वस्वी शिक्षकांवर अवलंबून असते, असे त्यात म्हटले आहे. पूर्वी आपल्या अनेक शाळांत धर्मगुरू व धर्मभगिनी शिकवीत. आज बहुतांश भार प्रापंचिक शिक्षक वाहतात. त्यांत अन्य धर्मीय शिक्षकही मोठ्या निष्ठेने सेवा देतात. १९८२ साली व्हॅटिकनने प्रापंचिक शिक्षकांविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढून त्यांच्या व्यावसायिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही जडणघडणीवर भर दिला. शाळेच्या भिंतीवर क्रूस असणे पुरेसे नाही. दुर्बल मुलाशी शिक्षक कसा बोलतो, यातून त्या शाळेची ओळख ठरते. कार्यशाळेत या विषयाला स्थान नसेल तर आपली शाळा इतर शाळांसारखीच एक होऊन राहील.

भाविकांनी काय करावे

भाविक बंधुभगिनींनो, पालक-शिक्षक संघाच्या सभेत 'सुट्टी का दिली?' असे विचारण्याऐवजी 'कार्यशाळेत काय शिकलात आणि आमच्या मुलांच्या वर्गात काय बदलणार?' असे प्रेमाने विचारा. दोन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा. सुट्टीची सूचना आठवडाभर आधी मिळावी, अशी मागणी करण्याचाही आपणास अधिकार आहे. निवृत्त शिक्षकांनी आपला अनुभव नवोदितांना द्यावा. आणि रविवारच्या मिस्सामध्ये भाविकांच्या प्रार्थनेत आजाऱ्यांबरोबर आपल्या शिक्षकांचेही स्मरण व्हावे, असे आम्ही सुचवितो.

जो शिक्षक शिकणे थांबवितो त्याचे शिकविणेही हळूहळू थांबते, आणि त्याची किंमत मुले मोजतात. आपल्या शिक्षकांना शिकण्यासाठी वेळ, साहाय्य आणि विश्वास देणे ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.