आम्हाला कोणी विचारले का?

आमच्या गावाचे नाव वर्तमानपत्रात मी एकदाच पाहिले. टँकरभोवती हंडे-कळशा घेऊन उभ्या असलेल्या बायांचे छायाचित्र आणि खाली दोन ओळी. त्यात खोटे काही नव्हते. पण गावाशेजारून जाणाऱ्या कालव्याचे पाणी आमच्या शिवारात का येत नाही, ते मात्र त्यात नव्हते. वडील एवढेच म्हणाले, “आपल्याला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

राज्यशास्त्राच्या तासाला आफ्रिकेचा विषय निघाला तेव्हा मला हे वाक्य आठवले. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळ, बंडाळी आणि पाश्चात्त्यांची मदत एवढेच येते. तिकडचे पत्रकार स्वतः काय म्हणतात, हे पाहावे म्हणून ग्रंथालयातील संगणकावर त्यांचे लेखन वाचू लागले. माझे इंग्रजी बेताचेच. शब्दकोश शेजारी ठेवून जे उमगले, ते येथे मांडते.

आपल्याकडे ‘केसरी’ने जे केले, तेच तिकडच्या पत्रांनीही केले. न्नामदी आझिकिवे यांनी १९३७ साली लागोसला ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’ काढले. क्वामे न्क्रुमा यांनी १९४८ साली आक्रा येथे ‘ईव्हनिंग न्यूज’. पुढे हे दोघेही आपापल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. परंतु स्वातंत्र्य आले तरी बातमीचा रस्ता बदलला नाही. शेजारच्या देशातील घडामोडही बऱ्याचदा लंडन वा पॅरिसच्या वृत्तसंस्थेकडूनच कळे. म्हणून १९७६ साली दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरून वृत्तसंस्थांचा संयुक्त संघ मान्य झाला, आणि १९८३ मध्ये डाकार येथून ‘पाना’ ही अखिल आफ्रिकी वृत्तसंस्था सुरू झाली. ती सरकारांच्या वर्गणीवर अवलंबून होती. वर्गणी थकली आणि संस्था अडचणीत आली.

आता टीकेचे स्वरूप पाहू. २०११ साली लिबियात यादवी पेटली. आफ्रिकी संघाने वाटाघाटींचा आराखडा मांडला होता. परंतु सुरक्षा परिषदेच्या १७ मार्चच्या ठरावानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांचे हवाई हल्ले सुरू झाले, आणि संघाच्या शिष्टमंडळाला त्या वेळी लिबियात उतरता आले नाही. गद्दाफी गेला, त्याची शस्त्रे वाळवंट ओलांडून मालीत पोहोचली आणि २०१२ मध्ये तेथे युद्ध भडकले. ‘आमच्या अंगणात आग लावताना आम्हाला विचारले का?’ असा या टीकेचा मथितार्थ. पण ती एवढ्यावर थांबली नाही. त्या ठरावाच्या बाजूने दक्षिण आफ्रिका, नायजेरिया आणि गॅबन यांनीही मते दिली होती. दक्षिण आफ्रिकेत तर आपल्याच सरकारला त्याचा जाब विचारला गेला.

दुसरे उदाहरण जुन्या कपड्यांचे. आपल्याकडे बोहारीण भांडी देऊन जुनी लुगडी नेते. पूर्व आफ्रिकेत पाश्चात्त्यांनी टाकलेल्या कपड्यांचे गठ्ठे जहाजांनी येतात. स्वाहिलीत त्यांना ‘मितुंबा’ म्हणतात. आपले कापड-धंदे उभे राहावेत म्हणून तेथील राष्ट्रांनी २०१६ साली ही आयात हळूहळू बंद करण्याचे ठरवले. रवांडाने किलोमागे ०.२० डॉलरचा कर २.५० डॉलर केला. अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली. इतर देश मागे सरले, रवांडा अडून राहिला. २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या कपड्यांना असलेली करमाफी काढून घेतली. खुल्या व्यापाराचा उपदेश करणारेच दुबळ्याचा हात पिरगाळतात, असे यावर लिहिले गेले. तसेच मितुंबा विकून पोट भरणाऱ्यांचे आणि त्यावरच अंग झाकणाऱ्या गरिबांचे काय, हा प्रश्नही मांडला गेला. मला ही दुसरी बाजू अधिक मोलाची वाटली.

युगांडाचे पत्रकार अँड्र्यू म्वेंडा तर मदतीवरच बोट ठेवतात. परक्याच्या पैशावर चालणारे सरकार परक्याला हिशेब देते, आपल्या करदात्याला देत नाही, असे ते म्हणतात. याच म्वेंडांवर स्वतःच्या देशात २००५ साली राजद्रोहाचा खटला भरला गेला. ते त्या कलमाविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये ते कलम रद्द झाले.

मित्रहो, दूरच्या सत्तेला नावे ठेवणे सोपे असते. घरच्या सत्ताधाऱ्यालाही तोच प्रश्न विचारतो, त्याच्या टीकेला वजन येते. आफ्रिकेच्या चांगल्या पत्रकारांकडून मी हे शिकले. टँकरच्या छायाचित्राचा दोष केवळ ते काढणाऱ्याचा नव्हता. कालव्याबद्दल आमच्यापैकी तरी कोणी कधी लिहिले होते? घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आता कोणी विचारण्याची वाट पाहत बसण्याचे मला कारण नाही.