झाशीवरचं आभाळ कोणाचं?

झाशीला धावपट्टी आहे, पण झाशीकराला तिचा उपयोग नाही. ती लष्कराची. पुण्या-मुंबईला विमानाने यायचं तर आधी रस्त्याने किंवा रेल्वेने शंभरेक किलोमीटर ग्वाल्हेर गाठायचं, नाहीतर उलट्या दिशेला त्याहून बराच लांबचा खजुराहो. नेवाळकरांची ही राजधानी एवढं मोठं रेल्वे जंक्शन झाली, तरी हवाई नकाशावर मात्र पाहुण्यासारखी राहिली.

३१ मे २०२५ रोजी चित्र थोडं बदललं. अहिल्याबाई होळकरांच्या तीनशेव्या जयंतीला पंतप्रधानांनी भोपाळमधून दोन विमानतळांचं उद्घाटन केलं, सतना आणि दतिया. दतिया मध्य प्रदेशात असलं तरी झाशीपासून जेमतेम तीस किलोमीटर. राज्याची सीमा ओलांडली की झालं. दतियाच्या पीतांबरा पीठ मंदिरात देशभरचे राजकारणी निवडणुकीआधी आणि मंत्रिपदाच्या आशेने येत असतात. तेव्हा नियमित प्रवासी कमी मिळाले, तरी खासगी विमानं आणि हेलिकॉप्टरं या धावपट्टीला कमी पडायची नाहीत.

धावपट्टी जमिनीवर बांधता येते. तिच्यावरचं आभाळ मात्र आधीच वाटलेलं असतं.

दतियाच्या उत्तरेला सत्तरेक किलोमीटरवर ग्वाल्हेरचा महाराजपूर तळ आहे, भारतीय हवाई दलाच्या मिराज २००० विमानांचं घर. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटला गेलेली मिराज विमानं इथूनच उडाली होती. दक्षिणेला बबिना, रणगाड्यांच्या गोळीबाराचं मोठं मैदान. मध्ये झाशीची लष्करी धावपट्टी. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणारं मिराज मिनिटाला पंधरा किलोमीटर कापतं, म्हणजे महाराजपूर ते दतिया पाच मिनिटांचं काम. त्याला सराव करायला, वळायला, चुकायला जागा लागते. सराव किती जीवघेणा असू शकतो, हे २८ जानेवारी २०२३ ला दिसलं. ग्वाल्हेरहून निघालेली एक सुखोई आणि एक मिराज कोसळली; अवशेष मोरेना आणि राजस्थानातल्या भरतपूर जिल्ह्यांत पडले. सुखोईचे दोन्ही वैमानिक वाचले, मिराजचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. ६ फेब्रुवारी २०२५ ला एक मिराज शिवपुरी जिल्ह्यातल्या करेऱ्याजवळ पडलं, तेव्हा दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले. करेरा हे झाशी-शिवपुरी रस्त्यावरचंच गाव. हवाई दल आपल्यासाठी रिकामं आभाळ मागतं, तेव्हा ती मागणी हट्टाची नसते.

मग दतियाच्या छोट्या विमानाने काय करायचं? उत्तर कागदांत आहे. वैमानिक उड्डाणाचा आराखडा देतो आणि त्यावर दोन क्रमांक मिळवतो, एफआयसी आणि एडीसी. पहिला नागरी विमान वाहतुकीच्या माहिती केंद्राचा, दुसरा हवाई संरक्षणाचा, म्हणजे हवाई दलाने दिलेला. मोजके अपवाद सोडले तर एडीसी हातात पडल्याशिवाय चाक हलत नाही. खासगी विमानांच्या दुनियेत ‘एडीसी आला का?’ हा प्रश्न प्रवासी आले का याच्याइतकाच नेहमीचा आहे. त्यातच नोटॅमचं वाचन. अमुक अक्षांश-रेखांशांच्या चौकोनात, जमिनीपासून अमुक फुटांपर्यंत, अमुक वेळेत शिरू नका, असा हा रूक्ष मजकूर. वेळही जागतिक मानकातली, त्यामुळे आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवायचे. बबिनासारख्या मैदानांवर तोफा धडधडत असतील, तर गोळा ज्या उंचीपर्यंत जाईल तिथपर्यंतचं आभाळ बंद.

हे सगळं इतकं शिस्तीत चालतं की तंटा झाल्याचं दिसतच नाही. इथे तंटा परवानगीच्या रांगेत विरघळतो.

इंग्लंडमध्ये असाच तंटा न्यायालयात उभा राहिला, म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे. लंडनच्या नैर्ऋत्येला फार्नबरो आहे. १९०८ मध्ये सॅम्युएल कोडी याने ब्रिटनमधलं पहिलं इंजिनवालं विमान-उड्डाण केलं ते इथेच. आज तो धनिकांच्या आणि कंपन्यांच्या खासगी जेटांचा विमानतळ आहे, वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० उड्डाणं-अवतरणं करण्याची परवानगी असलेला. त्याच्या भोवती नियंत्रित हवाई क्षेत्र नव्हतं. जेटांना छोट्या विमानांमधून वाट काढत यावं लागे. विमानतळाने नियंत्रित क्षेत्र मागितलं आणि जुलै २०१८ मध्ये ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने ते दिलं.

जवळच लॅशमला ग्लायडिंगचा एक जुना, खूप मोठा क्लब आहे. त्याची तक्रार साधी होती. नियंत्रित क्षेत्रात शिरायचं तर नियंत्रकाशी रेडिओवर बोलून परवानगी घ्यावी लागते. नियंत्रक म्हणतो, तीन हजार फुटांवर थांबा. ग्लायडर थांबणार कसा? त्याला इंजिन नाही. गरम हवेचा झोत सापडला तर तो वर जातो, नाही सापडला तर खाली येतो, नियंत्रक काहीही म्हणो. त्यामुळे परवानगीचा मार्ग कागदावर उघडा आणि व्यवहारात बंद. शिवाय नव्या क्षेत्राला वळसा घालणारी सगळी छोटी विमानं अरुंद बोळांत दाटणार, म्हणजे टकरीचा धोका जेटांपासून उचलून दुसऱ्यांच्या माथी मारायचा. विमानतळ म्हणे, ओळखीच्या आणि ठरलेल्या वाटेने येणारं जेट सगळ्यांसाठीच सुरक्षित. दोन्हीकडे तथ्य होतं.

क्लबाने २००० सालच्या वाहतूक कायद्यावर बोट ठेवलं. सुरक्षा सांभाळताना सगळ्या प्रकारच्या विमानांच्या गरजा विचारात घ्याव्यात, असं त्यात लिहिलेलं आहे. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला आणि २७ फेब्रुवारी २०२० पासून नवं क्षेत्र लागू झालं. क्लब हरला. पण कुणाचं आभाळ किती, कुणाच्या अंदाजावरून, कोणती हरकत कशी बाजूला सारली, हे सगळं कागदोपत्री आलं. हौशी मंडळींनी प्राधिकरणाला उत्तर द्यायला भाग पाडलं, ही गोष्ट छोटी नाही.

भारतात असे तंटे जमिनीच्या रूपाने दिसतात. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, त्यामुळे पुण्याभोवती कोणत्याही नव्या विमानतळाला संरक्षण खात्याची संमती लागते. पुरंदरच्या विमानतळासाठी पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात गावं ठरली. विरोधानंतर जागा बदलायचा प्रयत्न झाला. त्या बदललेल्या जागेला २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नकार दिला आणि गाडी मूळ गावांवर आली. अंजीर आणि सीताफळांच्या बागा राखू पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या शेताचा संबंध वरच्या आभाळाशी आहे, हे असं कळतं.

मुंबईत तर दोन आभाळं एकमेकांवर चढलेली. जुहूचा विमानतळ आज मुख्यतः हेलिकॉप्टरांचा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते. सांताक्रूझचा विमानतळ इतका जवळ, की १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेट आणि २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. डीसी-८ तर धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. मुंबईच्या गर्दीपुढे बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण अखेर धुळ्याकडे वळलं. नव्या वैमानिकाने शिकायचं तर मोठ्या विमानतळापासून दूर जायचं, हा नियम आता जवळपास सर्वमान्य झाला आहे.

झाशीकडे परत. दतियाचं आभाळ किती मोकळं, हे ठरवताना नागरी आणि संरक्षण यंत्रणा मिळून काम करतात. नकाशातला बदल अठ्ठावीस दिवसांच्या ठरलेल्या चक्रात प्रसिद्ध होतो, आणि तो वाचणारे मुख्यतः वैमानिक, नियंत्रक आणि विमान कंपन्या. लॅशमसारखा क्लब बुंदेलखंडात नाही, त्यामुळे हरकत घेणाराही नाही. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की देशाचं जेमतेम ६० टक्के आभाळ नागरी विमानांना मोकळं आहे आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे हजार कोटी रुपये वाचतील. वाट सरळ झाली की इंधन वाचतं, हे त्यामागचं गणित. हवाई दल वापरत नाही तेव्हा निर्बंध असलेली जागा नागरी विमानांना द्यायची, ही त्यातली कल्पना. ग्वाल्हेरच्या पट्ट्यात ती कोणत्या तासांना लागू पडते, यावरून दतियाचं भवितव्य ठरेल. निव्वळ मंदिराच्या गर्दीवरून नव्हे.

आणि हा सगळा व्यवहार फक्त जेटांचा नाही. १९ नोव्हेंबर २०२१ ला, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीदिनी, पंतप्रधानांनी झाशीतच लष्कराकडे भारतीय नवउद्योगांनी घडवलेले ड्रोन सुपूर्द केले. उत्तर प्रदेशच्या संरक्षण उद्योग पट्ट्यात झाशीचं स्थान आहे, त्यामुळे ड्रोनचं नाव इथे गौरवाने घेतलं जातं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या ड्रोन नियमांनी परवानगी लागणाऱ्या पिवळ्या क्षेत्राचा घेर विमानतळापासून ४५ किलोमीटरवरून १२ वर आणला. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात आता ६० मीटरपर्यंत ड्रोन परवानगीशिवाय उडवता येतो. आठ किलोमीटरच्या आत ती सूट नाही. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतली एखादी बाई धावपट्टीपासून सहा किलोमीटरवरच्या हरभऱ्यावर पंधरा फुटांवरून फवारणी करणार असेल, तर तिला आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा पाहावा लागेल. तिच्या शेताचा रंग पिवळा निघाला तर हवाई वाहतूक नियंत्रकाची आणि लाल निघाला तर केंद्र सरकारची परवानगी लागेल. किडीला तोवर कुणी नोटॅम वाचून दाखवत नाही.