मॅक्रो मध्येच का थांबतो?

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवरचे जे गुरुजी निकालपत्रक एक्सेलवर करतात, त्यांच्यासाठी हे चार शब्द. मॅक्रो म्हणजे यंत्राला एकदाच लिहून दिलेला हुकूम. गुण भरले, बटण दाबले, की टक्के नि श्रेणी तयार! आणि ऐन निकालाच्या आदल्या दिवशी बटण दाबावे, तर काही हलत नाही.

घाबरू नका, आकडे जागेवरच असतात. वर लाल पट्टी आली आहे का पाहा. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून रोखायला सुरुवात केली, कारण त्यांतून विषाणू शिरत. फाइल कोणी बनवली हे पक्के ठाऊक असेल, तरच ती बंद करून तिच्यावर माउसचे उजवे बटण दाबा आणि 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'वर खूण करा. ठाऊक नसेल, तर राहू द्या बापडी. निकाल हाताने केलेला परवडला.

पट्टी नसेल, तर नावाचे शेपूट बघा. ते 'एक्सएलएसएम' हवे. 'एक्सएलएसएक्स' म्हणून जतन केली, की मॅक्रो गळतो. मग मूळ प्रतच शोधावी लागते.

चालता चालता थांबला, तर गुणांचा रकाना तपासा. कोणी 'गैरहजर' असे लिहिलेले असते. यंत्राने त्याची बेरीज कशी करावी? तो रकाना कोरा ठेवा, शेरा बाजूला लिहा. शून्य मात्र घालू नका. न दिलेल्या पेपराचे शून्य पोराच्या नावावर चढते.