चौकट : कबड्डीचे वेड आणि व्यावसायिक विजेतेपदे

कबड्डीच्या नियमांना आकार देण्यात आणि खेळ गावोगाव पोहोचवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीही होती.

2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. राज्याचे संघ दोन : यू मुंबा आणि पुणेरी पलटण. मराठवाड्याचा स्वतंत्र संघ नाही. यू मुंबाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली. 2014 मध्ये मुंबईतच जयपूर पिंक पँथर्सकडून 35-24 अशी हार झाली, 2015 मध्ये विजेतेपद मिळाले आणि 2016 मध्ये पाटण्याने 31-28 असे हरवले. पुणेरी पलटण 2024 मध्ये विजेती ठरली. याउलट पाटणा पायरेट्सने एकट्याने सलग तीन विजेतेपदे पटकावली.

राज्यातले कबड्डीचे वेड आणि लीगमधली विजेतेपदे यांचा थेट मेळ बसत नाही, याचे एक कारण लिलाव. संघाला नाव शहराचे असते, खेळाडू मात्र देशभरातून बोली लावून घेतले जातात. 2015 च्या विजेत्या यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा होता, तर 2024 च्या पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा. शिवाय गावात खेळ मातीवर चालतो, लीगमध्ये मॅटवर. चढाईला मिळतात फक्त 30 सेकंद.

राज्याच्या कबड्डीचे खरे मोजमाप राष्ट्रीय स्पर्धेत होते. तेथे महाराष्ट्राच्या पुरुषांनी 2018 मध्ये हैदराबादला सेनादलाला हरवून 11 वर्षांनी अजिंक्यपद मिळवले.